व्यवसाय : गृहिणी

पडद्यावरचा पाय एकेचाळिसाव्या दिवशी काळा पडला. आधी अंगठा, मग शेजारची दोन बोटं, आणि श्रीलता येमूलनं हातातला चहाचा कप टेबलावर ठेवेपर्यंत घोट्यापर्यंतचं सगळंच. तो पाय तिच्या आईचा होता. म्हणजे खरा नव्हे, जुळा. पण गेली सहा वर्षं ती ह्याच जुळ्यांच्या भरवशावर खऱ्या पायांचे निर्णय होताना पाहत आली होती, त्यामुळे त्या फरकानं तिला काडीचाही धीर आला नाही.

"पुन्हा चालव," मागे उभ्या असलेल्या डॉक्टर इंद्रायणी गुळवे म्हणाल्या.

तिनं पुन्हा चालवला. पुन्हा एकेचाळिसावा दिवस, पुन्हा अंगठा आधी.

सोलापुरातल्या त्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर 'जुळणी कक्ष' नावाची एक थंडगार खोली होती आणि श्रीलता तिथली मुख्य चालक होती. खोलीचं काम समजायला फार अक्कल लागत नाही. पायाच्या रक्तवाहिनीत चरबी आणि चुना साचत गेला की ती आतून आवळते. माणूस पन्नास पावलं चालला की पोटरीत गोळा येतो, उभा राहिला की जातो. पुढे बसल्या जागी पाय ठणकतो, बोटाची जखम भरत नाही, आणि रक्त पोचणंच थांबलं की पाय कापावा लागतो. ह्यावरचा फुग्याचा उपाय जुना आहे आणि दिसायला अगदी सोपा. जांघेतून एक बारीक तार आत सरकवायची, तिच्यावरून मिटलेला फुगा अडथळ्यापर्यंत न्यायचा, तिथे तो फुगवून साचलेला थर भिंतीशी दाबायचा आणि फुगा परत काढून घ्यायचा. रक्त धावायला लागतं, तासाभरात पाऊल ऊबदार होतं आणि रुग्ण डॉक्टरांना देव म्हणून मोकळा होतो.

भानगड नंतर सुरू होते. फुगवताना भिंतीला आतून इजा होते. ती भरून येताना पेशी वाढतात, आणि काही जणांत इतक्या वाढतात की वर्षाच्या आत वाट पुन्हा बंद. फुग्याला औषध लावून बघितलं, जाळी बसवून बघितली. फरक पडला, पण खात्री आली नाही. कुणाचा फुगा दहा वर्षं टिकायचा, कुणाचा दहा आठवडे, आणि कुणाचा किती हे आधी सांगणारा डॉक्टर कुठेच नव्हता.

ते सांगायला जुळा आला. स्कॅन, रक्ताच्या चाचण्या आणि रुग्णानं सांगितलेली माहिती ह्यांतून त्याच्या पायाची नक्कल संगणकात उभी करायची, तिच्यात फुगा फुगवायचा आणि काळ पळवायचा. अकरा मिनिटांत दोन वर्षं. देशभरातल्या रुग्णांचं पुढे खरोखर काय झालं हे रोज मोठ्या यंत्रणेकडे परत जाई आणि ती त्यातून शिकत राही. तिच्यावर सगळ्यांचा इतका विश्वास बसला होता की आरोग्य योजनेची मंजुरीसुद्धा जुळ्याच्या निकालावर मिळे. जुळा फुगा म्हणाला तर फुगा मंजूर. जुळा कापा म्हणाला तर कापणं मंजूर, फुगा नाही.

साडेचार महिन्यांपूर्वी ह्याच पडद्यानं सांगितलं होतं की नरसम्मा येमूल, वय अठ्ठावन्न, हिचा फुगा सहा वर्षं टिकेल. श्रीलता त्या दिवशी घरी पेढे घेऊन गेली होती. आणि चौथ्या महिन्यात आई पुन्हा रस्त्यात थांबायला लागली. थांबायची आणि दुकानांच्या पाट्या वाचायचं नाटक करायची, लेकीला कळू नये म्हणून. मग चप्पल घासून अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. मागच्या शनिवारपर्यंत जुळा छातीठोकपणे सांगत होता की हा पाय छान उघडा आहे. सोमवारी यंत्रणेची नवी आवृत्ती बसली. आज गुरुवार. तोच पाय, तेच रक्त, तीच माहिती, आणि निकाल : फुगा चाळीस दिवस. शिफारस : गुडघ्याखाली विच्छेदन.

"कारणं उघड," डॉक्टर म्हणाल्या.

श्रीलतानं कारणांची खिडकी उघडली. पहिल्या तीन ओळींत नव्वद टक्के निकाल होता. स्त्री. शहराचा पूर्व भाग. व्यवसाय : गृहिणी.

डॉक्टर गुळवेंनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "घरकामानं पायाच्या नसा बंद होतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बघ ना. ह्या भागातल्या अकराशे गृहिणींचे निकाल गोळा झाले, त्यांचे फुगे भराभर मिटले. यंत्राला का ते कळलं नाही, म्हणून त्यानं त्या शब्दालाच धरलं. पुण्याची गृहिणी असती तर फुगा दिला असता. काहीतरी आहे जे आपण त्याला सांगितलेलंच नाही."

डॉक्टरांना जे शोधायचं होतं ते श्रीलताला माहीत होतं, आणि तो शब्द त्या रकान्यात तिनंच टाइप केला होता.

त्या दिवशी नोंदणीच्या वेळी काय झालं होतं ते तिला आता नको तितकं स्पष्ट आठवलं. आईनं सकाळी दोनदा आंघोळ केली होती, डोक्यात मोगरा घातला होता, तरी तिच्या अंगाचा तंबाखूचा वास गेला नव्हता. अडतीस वर्षं रोज हजारभर विड्या वळणाऱ्या बाईचा तो जातही नाही. श्रीलता त्याच वासात वाढली होती, त्याच वासाची दप्तरं शाळेत घेऊन गेली होती, आणि इथे नोकरीला लागल्यापासून कुणी विचारलं की सांगत आली होती, आई घरीच असते. रिक्षातून उतरताना ती म्हणाली होती, "अम्मा, कारखान्याचं नाव काढू नको हं."

"मग काय सांगू?"

"घरीच असते म्हण."

आईनं डॉक्टरांना तेच सांगितलं. खोटंही नव्हतं ते. पानं, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून आणायचा, घरी बसून विड्या वळायच्या आणि नेऊन द्यायच्या. सगळ्या बायका घरीच तर असतात. तंबाखू खाता का? नाही. विडी ओढता का? कधीच नाही. दोन्ही उत्तरं शपथेवर खरी होती. श्रीलतानं पुढचा रकाना भरला आणि सहकाऱ्यांकडे बघून हसली.

"मॅडम, मी दुपारची सुट्टी घेऊ का?" तिनं विचारलं.

डॉक्टर तिच्याकडे पाहून नरमल्या. "घे. मी विच्छेदन दोन दिवस थांबवू शकते. त्यापुढे त्या अंगठ्याला मी काही करू शकणार नाही."

विडी घरकुल ह्या कामगार वसाहतीतल्या त्यांच्या घराचं दार लोटलेलं होतं. श्रीलतानं ते ढकललं. फुगा घातला त्या दिवशी आई म्हणाली होती की आता विड्यांचं सूप माळ्यावर टाकलं, संपलं. ते सूप आईच्या मांडीवर होतं. नरसम्मा भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती, पट्टी बांधलेला अंगठा दुसऱ्या मांडीखाली दडपलेला, समोर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, सुपात तंबाखू. पत्र्याच्या मापानं पान कापलं, चिमूट टाकली, वळलं, टोक दुमडलं, दोरा मारला. तिनं लेकीकडे पाहिलं, पण हात थांबायला आणखी दोन विड्या लागल्या.

"लवकर आलीस? बरं वाटेना व्हय?"

"तू हे सोडलं होतंस ना?"

"मी कुठं बाहेर गेले? घरीच असते की."

श्रीलता दारातच खाली बसली. तिनं शिकवलेलं वाक्य होतं ते, आणि आईनं ते जसंच्या तसं तिच्याच हातात ठेवलं होतं.

"चार महिने?"

"पहिला आठवडा न्हाई केलं." नरसम्मा म्हणाली. "मग बोटं दुखायला लागली. भिंतीकडं बघत किती बसायचं? डॉक्टरीणबाई म्हणल्या रोज अर्धा तास चाला, ते चालत होते मी. सकाळी चालायचं, तू गेलीस की बसायचं. भूमक्का पानं आणून द्यायची."

"आणि आता? आता कोण आणतं?"

"आता तिचा पाय गेला मंगळवारी. मीच जाते रिक्षानं."

भूमक्का म्हणजे शेजारच्या दारातली. आई कारखान्यात विड्या मोजून द्यायला रांगेत उभी असे तेव्हा लहानगी श्रीलता हिच्या मांडीवर झोपत असे. श्रीलतानं तो विषय पुढे नेला नाही. तिनं आईला यंत्राचं सांगितलं, चाळीस दिवसांचं सांगितलं, आणि मग दम घेऊन गुडघ्याखालचंही सांगितलं.

नरसम्मानं पायावरून साडी खाली ओढली. "पण का? माझ्या तोंडाला आजवर विडी लागली न्हाई."

"तोंडाला नाही लागली. हाताला लागलीय, नाकात गेलीय. तंबाखूतलं विष कातडीतून आत जातं, धुळीतून जातं. ओढणाऱ्याच्या रक्तात जे सापडतं ते तुझ्याही रक्तात असणार, फक्त कुणी शोधलं नाही. आणि त्यात दहा तास गुडघा मुडपून बसणं. त्या वाहिनीला घडी पडते तिथे."

"आणि यंत्राला हे कळेना?"

"त्याला सांगितलंच नाही."

"मला विचारलं होतं की त्या बाईंनी, काय काम करता म्हणून. मी सांगणार होते."

"मी नको म्हटलं होतं."

"हो," नरसम्मा म्हणाली. "तू नको म्हणलीस. मग कागदावर काय लिहिलंस?"

"गृहिणी."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठली, लंगडत कपाटापाशी गेली आणि साड्यांखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत तिचं कामगाराचं ओळखपत्र होतं. दोन हजार एक साल, एका विशीतल्या मुलीचा फोटो, कारखान्याचा शिक्का. "ह्यावर सगळं लिहिलंय," ती म्हणाली. "हे वाचून लिहायचं होतंस. एवढं शिकवलं तुला त्याच कामावर, आणि ते खोडून टाकलंस होय?"

श्रीलतानं ते कार्ड हातात घेतलं. तिला रडू आलं नाही. आपण काय केलं ह्याचा धक्काच एवढा होता की रडण्याची पाळी अजून आली नव्हती.

संध्याकाळी पाच वाजता ती आईला घेऊन जुळणी कक्षात उभी राहिली आणि डॉक्टर गुळवेंच्या समोर कार्ड ठेवून म्हणाली, "मॅडम, व्यवसायाचा रकाना मी खोटा भरला होता. माझी आई विडी कामगार आहे. अडतीस वर्षं. मला लाज वाटत होती."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. त्यांनी आधी कार्ड पाहिलं, मग नरसम्माचे हात आपल्या हातात घेऊन उलटे केले. उजव्या अंगठ्याचं नख झिजून अर्धं झालेलं, दोन बोटांची टोकं कायमची पिवळी. "हे माझ्यासमोर होते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमची नाडी मी ह्याच हाताला बघितली, नरसम्मा. आणि नजर तिथे पडद्यावर होती माझी." मग त्या श्रीलताकडे वळल्या. "हे तुला लेखी द्यावं लागेल. पुढे काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही."

"देते."

रक्त घेतलं. निकोटीन शरीरातून जाताना मागे जी खूण ठेवतं ती मोजणारी चाचणी अर्ध्या तासात आली, आणि आकडा बघून प्रयोगशाळेतून फोन आला की नमुना बदललाय का, ही बाई दिवसाला वीस विड्या ओढते का. डॉक्टरांनी फोन ठेवला. श्रीलतानं नवा जुळा उभा केला. व्यवसाय : विडी कामगार. वर्षं : अडतीस. बसणं : मांडी घालून, रोज दहा तास. मग तिनं घड्याळ साडेचार महिने मागे नेलं आणि पहिला फुगा पुन्हा फुगवला.

जुळ्याची वाहिनी उघडली. पहिला महिना छान गेला. दुसऱ्यात भिंत जाड व्हायला लागली. एकशे सतराव्या दिवशी ती मिटली, गुडघ्यामागे, घडीच्या अगदी नेमक्या जागी. नरसम्माच्या पोटरीत गोळा परत आला तो आठवडाही हाच होता.

"यंत्र चुकलं नव्हतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आपण त्याला भलतीच बाई दिली होती. आणि पडद्यावरून निकाल घ्यायची सवय अशी लागलीय की खरी बाई समोर बसली होती तरी कुणी बघितलं नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. पंचवीस वर्षं हे फुगे फुगवणाऱ्या बाईचा चेहरा होता तो, आणि श्रीलताला त्याच्याकडे बघवेना.

मग त्यांनी आणखी दोन जुळे शेजारीशेजारी चालवले. दोघांनाही आज फुगा. एकीचं विड्या वळणं चालू, दुसरीचं बंद, बसणं खुर्चीवर, चालणं रोज तासभर. नरसम्मा पुढे वाकून ते बघत होती. डावीकडचा पाय एकेचाळिसाव्या दिवशी काळा पडला. उजवीकडच्याचं वर्ष गेलं, दुसरं गेलं. चालण्यानं बंद वाहिनीच्या आजूबाजूला बारीक वाटा फुटत होत्या, त्या पडद्यावर केसांसारख्या दिसत होत्या. तिसरं वर्ष संपताना रक्त अजून वाहत होतं.

"सहा वर्षं नाही म्हणणार मी," डॉक्टर म्हणाल्या. "फुगा काही तुमचं सगळं काम करत नाही, नरसम्मा. तो दार उघडून देतो. ते उघडं ठेवायचं बरंचसं तुमच्या हातात आहे."

"डावीकडचा विडीचा?"

"हो."

नरसम्मा बराच वेळ तो काळा पाय बघत राहिली. आपलाच पाय मेलेला बघणं किती जणांच्या वाट्याला येतं कोण जाणे. शेवटी ती म्हणाली, "सूप द्यायचं झालं तर भूमक्काला देऊन टाकलं असतं..." आणि तिथेच थांबली.

रात्र पडायच्या आत डॉक्टर गुळवेंनी यंत्रणेच्या मुख्य कार्यालयाला कळवलं, नवी आवृत्ती रुग्णालयात बंद केली आणि शुक्रवारच्या यादीतली दोन विच्छेदनं थांबवली. पूर्व भागातल्या प्रत्येक गृहिणीला पुन्हा विचारायचं ठरलं, आणि ह्या वेळी हात बघून. नावांची यादी काढायचं काम श्रीलताकडे आलं. सोमवारपासून नव्या आवृत्तीनं 'कापा' म्हटलेल्या अकरा बायका होत्या. दहांची शस्त्रक्रिया अजून व्हायची होती. अकराव्या नावावरून तिनं बोट भर्रकन पुढे सरकवलं, जणू न वाचलेलं नाव यादीत नसतंच.

शुक्रवारी दुपारी नरसम्माच्या पायात दुसरा फुगा फुगला. श्रीलता काचेमागून बघत होती. काळ्या पडद्यावर तार सरकली, गुडघ्यामागे अडली, फिरून पुढे गेली. फुगा फुगला, मधोमध त्याला बारीक कंबर पडली, ती डॉक्टरांनी दाब वाढवल्यावर सुटली, आणि रंगद्रव्य घोट्याकडे धावत गेलं. पूर्वी हे दृश्य तिनं शेकड्यांनी पाहिलं होतं. ह्या वेळी तिला दोन्ही हातांनी काच धरावी लागली.

शनिवारी सकाळी ती आईच्या पायाशी बसून होती, तळव्यावर तळहात ठेवून. पाऊल ऊबदार होतं. घोट्याजवळ बोट टेकवलं की नाडी लागत होती, बारीक पण नेमानं. इतका वेळ अडलेलं रडू तिला तेव्हा आलं आणि आईनं ते येऊ दिलं. डॉक्टर फेरीला येऊन गेल्या, पाय बघून खूश झाल्या, म्हणाल्या, जखम जपा पण आज थोडं चाला, इथल्या इथे, सावकाश.

"भूमक्का ह्याच दवाखान्यात हाय न्हवं?" नरसम्मानं विचारलं.

"हो. पलीकडच्या वॉर्डात."

"तिचा बी जुळा केला होतास?"

"केला होता."

"काय म्हणला?"

"कापा म्हणाला."

खिडकीतून ऊन येत होतं. नरसम्मा आपल्या पिवळ्या बोटांकडे बघत होती. तिनं पुढचं विचारायला घाई केली नाही, आणि श्रीलताला कळलं की काय येणार आहे, आणि ते यायच्या आधी उठून पळावं असं तिला वाटलं.

"तिच्या कागदावर काय लिहिलं होतं? काम म्हणून?"

"गृहिणी."

"कुणी लिहिलं?"

सोमवारी नोंदणीची मुलगी जेवायला गेली होती आणि खिडकीवर श्रीलताच बसली होती. रांगेत भूमक्का आली, लंगडत, हातात तिचं कार्ड असलेली तसलीच प्लास्टिकची पिशवी. मागे रांग होती, शेजारी दोन सहकारी होते. श्रीलतानं अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं होतं, "काय काम करता?" भूमक्कानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपट्टीकडे, मग शेजारच्या दोघांकडे. तिला सगळं समजलं होतं. तिनं पिशवी हळूच पदराखाली घेतली आणि हसून म्हणाली होती, "काही न्हाई बाई. घरीच असते. लिही." तिनं ते श्रीलतासाठी म्हटलं होतं. आणि श्रीलतानं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी भूमक्काचा पाय गेला, आणि तो फुग्यानं वाचला असता की नसता हे आता कुठलाही जुळा सांगणार नव्हता.

"मीच," श्रीलता म्हणाली.

नरसम्मानं आपलं पाऊल लेकीच्या हातातून काढून घेतलं. जोरानं नाही. ती बाजूला वळली, पाय खाली सोडले, जमिनीवर टेकवले आणि त्यांच्यावर भार देऊन बघितला.

"चप्पल दे."

"अम्मा, कुठे निघालीस?"

"डॉक्टरीणबाईंनी चाल म्हणलंय न्हवं? भूमक्काकडं जाऊ. तिला कळायला पायजे, पाय कशानं गेला ते."

"मी नंतर सांगते तिला. मी लेखी दिलंय, मॅडम तिला—"

"चप्पल दे, श्री."

मधला बोळ लांब होता, दोन्ही बाजूंना दारं आणि भिंतीवर सूचनांच्या पाट्या. नरसम्मा पुढे निघाली. आधी भिंतीला हात लावून, मग हात काढून. तिसाव्या पावलाशी तिनं स्वतःच्या पोटरीकडे एकदा बघितलं, तिथे गोळा येण्याची वाट बघत असल्यासारखं, आणि तो आला नाही तशी पुढे चालत राहिली. पन्नास पावलं झाली, साठ झाली. ती कुठेच थांबली नाही. महिन्याभरात पहिल्यांदा ती न थांबता चालत होती.

मागे श्रीलता पहिल्यांदा हात धुण्याच्या सूचनेपाशी थांबली आणि ती वाचत असल्यासारखं करत उभी राहिली. दुसऱ्यांदा भेटीच्या वेळांच्या पाटीपाशी थांबली. तिच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं.

पलीकडच्या वॉर्डाच्या दाराशी ती पोचली तेव्हा आई आत जाऊन स्टुलावर बसलीही होती. भूमक्का उशीला टेकून बसली होती. तिच्या उजव्या गुडघ्याखाली चादर सपाट पडली होती. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं चादरीचं टोक घेऊन वळत होती, दुमडत होती, दोरा मारत होती. तिनं दारात उभ्या श्रीलताकडे पाहिलं आणि सोमवारी हसली होती तशीच हसली.

"आलीस व्हय पोरी?" ती म्हणाली. "तुझ्या आईचा पाय वाचला म्हणं. बरं झालं बाई."

श्रीलता दारातच उभी राहिली.

"ये आत," आई म्हणाली. "तूच सांग."